इंदूरमधील ज्येष्ठांसाठी सरकारी आधार: कोणत्या दारी, कोणता कागद घेऊन जावे

म्हातारपणी सरकारने आधार द्यावा, असे सर्वांनाच वाटते. परंतु सरकारने कायद्याने काय अंगावर घेतले आहे आणि काय केवळ सदिच्छा म्हणून लिहून ठेवले आहे, हे ठाऊक नसले की माणूस चुकीच्या खिडकीपुढे उभा राहून थकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण, बेकारी आणि अपंगत्व अशा प्रसंगी राज्याने साहाय्याची तरतूद करावी असे म्हटले आहे. मात्र त्याच वाक्यात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्दही आहेत, आणि हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे अनुच्छेद ३७ नुसार त्याची अंमलबजावणी थेट न्यायालयामार्फत करून घेता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातही असेच दोन सूर आहेत. त्याच्या कलम १९ प्रमाणे राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम 'स्थापन करू शकेल'. कलम २० मध्ये मात्र सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असण्याची खातरजमा सरकारने केलीच पाहिजे असे आहे. आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे मला कोणत्याही नियमातले क्रियापद आधी वाचण्याची खोड लागली आहे. 'शकेल' असेल तेथे आपल्या हाती विनंतीच राहते, आणि 'केलेच पाहिजे' असेल तेथे हक्काने विचारता येते.

म्हणून या लेखात ज्या कामाला जबाबदार अधिकारी आणि मुदत दोन्ही ठरलेली आहेत, त्या कामांना अधिक जागा दिली आहे. उरलेल्यांसाठीही अर्ज जरूर करावा, पण त्यांच्या भरवशावर घरखर्च बसवू नये.

पहिली पायरी: समग्र आयडी आणि हरवलेला 'ळ'

मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षेची कोणतीही पेन्शन समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्याच्या 'समग्र' पोर्टलवरील ओळख क्रमांकाशिवाय, पुढे सरकत नाही. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी असे दोन क्रमांक असतात. पेन्शनच्या अर्जात सदस्याचा क्रमांक लागतो, आणि निम्मे लोक तेथेच कुटुंबाचा क्रमांक लिहून बसतात.

खरा घोळ नावाचा असतो, आणि तो आपल्या मराठी घरांत जरा जास्तच असतो. हिंदी नोंदीत 'ळ' सहसा 'ल' होऊन बसतो, त्यामुळे 'काळे' हे आडनाव समग्रमध्ये 'काले', आधारवर रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत आलेले 'केल', आणि बँकेच्या पासबुकात आणखी तिसऱ्याच रूपात आढळते. त्यात पतीचे नाव मधले नाव म्हणून लिहिण्याची आपली पद्धत हिंदी अर्जाच्या रकान्यांत बसत नाही. कुठे ते गळते, तर कुठे आडनावाला चिकटते. सत्तरी-ऐंशीच्या स्त्रियांचे तर लग्नात पाळण्यातले नावही बदललेले असते, आणि वयाचा दाखला म्हणून जपून ठेवलेल्या शाळेच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव असते. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या कापडी पिशवीतले कागद मी एकदा जेवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा चार कागदांवर एकाच बाईची चार नावे निघाली, आणि त्या प्रत्येक नावाच्या हकिगतीसह तासभर गेला.

यावर उपाय असा की सर्व कागद एकाच वेळी 'बरोबर' करण्याच्या मागे न लागता एक कागद प्रमाण मानावा, आणि तो आधारच असावा, कारण पेन्शनचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. प्रथम आधारवरील नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक तपासावा. जन्मतारखेत चूक असेल तर ती याच वेळी दुरुस्त करावी, कारण वय आधारवरूनच मोजले जाईल. त्यानंतर समग्रची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करून तेथील नाव आधारप्रमाणे करून घ्यावे, आणि शेवटी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे, एवढेच नव्हे तर सरकारी अनुदान त्याच खात्यात येण्याची नोंद झालेली आहे, हे विचारून घ्यावे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी राहून गेल्यामुळे मंजूर झालेली पेन्शन अडकते. 'ळ' परत मिळवण्याचा हट्ट तूर्त सोडावा. चारही ठिकाणी 'काले' असेल तर पेन्शनला हरकत येत नाही, तीन ठिकाणी 'काले' आणि एका ठिकाणी 'काळे' असेल तर येते.

आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा गिरणीत काम केलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही नित्याची अडचण आहे. केंद्रचालक 'नंतर या' म्हणाला तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा बुबुळांच्या स्कॅनने ओळख पटवता येते का, हे त्याला विचारावे. मोबाइल क्रमांक मुलाचा किंवा नातवाचा जोडलेला असेल आणि तो पुण्याला असेल, तर ओटीपी तिकडे जाईल हे लक्षात घेऊन त्याला आधी फोन करून ठेवावा.

दुसरी पायरी: आपली पेन्शन कोणती, हे ठरवणे

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, आणि त्यातील वृद्धापकाळाच्या पेन्शनला २००७ मध्ये इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला वयाच्या साठाव्या वर्षापासून ती मिळू शकते. केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये आहे; मध्य प्रदेशात राज्याचा वाटा मिळून हातात ६०० रुपये पडतात. या रकमेत महिन्याची औषधेही भागत नाहीत, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. तरीही अर्ज करावा, कारण पेन्शनधारक म्हणून झालेली नोंद इतर योजनांत उपयोगी पडते, आणि सहाशे रुपये हे सहाशे रुपये असतात.

आपल्याकडील बऱ्याच कुटुंबांचा प्रश्न वेगळा असतो. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत खासगी दुकानांत हिशेब लिहिणारे, शिकवण्या घेणारे, पौरोहित्य करणारे किंवा स्वयंपाकाची कामे करणारे पुष्कळ लोक म्हातारे झाले आहेत, ज्यांना पेन्शन नाही, आणि दारिद्र्यरेषेखालचे कार्डही नाही. कधी निकषात बसत नाही म्हणून, तर कधी 'आपण काय सरकारपुढे हात पसरायचे' या संकोचापोटी. अशांनी राज्याच्या तीन योजना नीट पाहाव्यात. ज्या दांपत्याला केवळ मुली आहेत, हयात मुलगा नाही आणि मुलींची लग्ने झाली आहेत, त्यांच्यापैकी एकाचे वय साठ झाल्यावर मुख्यमंत्री कन्या अभिभावक पेन्शनसाठी अर्ज करता येतो. तीत मुख्य अट प्राप्तिकर भरत नसल्याची आहे, दारिद्र्यरेषेची नाही. विधवांसाठी 'कल्याणी' या नावाने आणि पन्नाशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रियांसाठी 'अविवाहिता' या नावाने वेगळ्या पेन्शन आहेत. मराठी घरांत या शब्दांचा अर्थ पटकन लागत नाही, त्यामुळे 'कल्याणी' असे लिहिलेला अर्ज आपला नव्हे असे समजून परत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ज्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, त्यांनी १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचा शोध आधी घ्यावा. तिच्यात सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे. येथे इंदूरच्या गिरण्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या सुमारे सहा हजार कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम २५ डिसेंबर २०२३ रोजी झाला; तोपर्यंत अनेकांच्या नावापुढे वारसांची नावे लागली होती. ज्या घरात असा वारसा हक्क आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि कामगाराचे जुने ओळखपत्र एकत्र ठेवावे.

तिसरी पायरी: अर्ज आणि पावती

शहरात महापालिकेच्या आपल्या भागातील झोन कार्यालयात किंवा लोकसेवा केंद्रात, आणि गावात ग्रामपंचायतीमार्फत अर्ज देता येतो. सोबत आधार, समग्र सदस्य क्रमांक, वयाचा पुरावा, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, छायाचित्र आणि योजनेप्रमाणे बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) कार्ड, पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा केवळ मुली असल्याचे व प्राप्तिकर भरत नसल्याचे घोषणापत्र जोडावे. प्रत्येक प्रतीवर स्वतः सही करून तारीख घालावी.

एवढे करून रिकाम्या हाताने परतू नये. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला, आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य होते. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि मुदत टळल्यास प्रथम व द्वितीय अपील करता येते. हे सर्व लागू होते ते नोंदणीकृत अर्जाला. खिडकीतल्या माणसाने अर्ज घेऊन 'ठेवून जा, बघतो' म्हटले, तर कायद्याच्या दृष्टीने अर्ज आलेलाच नाही. म्हणून लोकसेवा केंद्रातून क्रमांकासह छापील पावती घ्यावी. निकालाची तारीख तिच्यावर असते. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी. आमच्या त्या आजींचा पहिला अर्ज एका कार्यालयात असाच 'ठेवला' गेला, आणि चार महिन्यांनी चौकशीला गेल्यावर तो कोणालाच आठवेना.

चौथी पायरी: आजारपण

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. ज्या कुटुंबाकडे आधीचे आयुष्मान कार्ड आहे, त्यातील सत्तरीवरील सदस्यांना वर्षाला पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते, ते तरुण सदस्यांशी वाटून घ्यावे लागत नाही. मात्र घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीचे असतील, तर पाच लाख दोघांत मिळून असतात. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल, तर मात्र दोहोंतली एक निवडावी लागते. कार्ड आयुष्मान अ‍ॅपवर, सामाईक सेवा केंद्रात किंवा योजनेतील रुग्णालयात आधारवरून निघते.

दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. हे कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही. आणि कार्ड दाखल होतानाच दाखवावे; बिल झाल्यानंतर दाखवले तर वाद उरतो. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. एम. वाय. रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी कलम २० चा उल्लेख करून ज्येष्ठांची वेगळी रांग कोठे आहे असे शांतपणे विचारावे.

चष्मा, कवळी, कानयंत्र, काठी, वॉकर, चाकांची खुर्ची अशा साधनांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना तपासणी शिबिरात नाव नोंदवून ती विनामूल्य मिळतात. घरी येऊन अंग पुसणारे आणि वेळेवर औषध देणारे माणूस मात्र सरकारकडून मिळेल असे गृहीत धरू नये. ते काम आजही घरातल्या सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या अंगावर पडते, आणि तिची नोंद कोणत्याही पोर्टलवर नाही.

पाचवी पायरी: मुले पाहत नसतील तर

२००७ च्या कायद्याने सरकारने एक मोठी चतुराई केली: सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकली आणि ती वसूल करून देण्याची तेवढी स्वतःकडे ठेवली. ही वाटणी मला पूर्णपणे पटत नाही, कारण ज्याची मुलेच हलाखीत आहेत त्याला हा कायदा काही देत नाही. परंतु जेथे मुलांची ऐपत आहे आणि मन नाही, तेथे याच्याइतके स्वस्त आणि जलद साधन दुसरे नाही.

अर्ज एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. इंदूरमध्ये मल्हारगंज, जुनी इंदूर, राऊ, कनाडिया असे विभागवार अधिकारी आहेत. आपला विभाग कोणता, हे मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयात विचारावे. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला असला तरी अर्ज इंदुरातच देता येतो, कारण आई-वडील जेथे राहतात तेथेही तो चालतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात या सर्वांवर जबाबदारी येते, आणि अपत्यहीन ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्या नातेवाइकावरही येते. एकाच मुलाविरुद्ध अर्ज केला, तरी तो मुलगा इतर भावंडांना त्यात ओढू शकतो. तेव्हा 'मोठ्याचे नाव नको, त्याला वाईट वाटेल' या विचाराने अर्ज अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही. आई-वडिलांना साठ वर्षांची अटही नाही. स्वतः जाणे शक्य नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकारपत्र द्यावे.

अर्ज साधा असावा. तक्रारींचा पाढा एका पानात आटोपून दुसऱ्या पानावर महिन्याचा हिशेब मांडावा: भाडे, दूध, किराणा, वीज, औषधे, तपासण्या, आणि समोर स्वतःचे उत्पन्न. औषधांची तीन महिन्यांची बिले जोडावीत. मुलांचे पत्ते, कामाचे ठिकाण व अंदाजे उत्पन्न लिहावे. शेवटी 'निकाल लागेपर्यंत अंतरिम निर्वाहभत्ता मिळावा' ही ओळ न विसरता घालावी; ती लिहिली नाही, तर मागितली असे कोणी समजत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि कारण नोंदवून एकदाच ३० दिवस वाढवता येतात. आधी समेट घडवण्याचा प्रयत्न होतो. तेथे मुलगा रडवेला होऊन 'आई, चल घरी' म्हणाला, तर जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण जे ठरेल ते रकमेसह लेखी घ्यावे.

या कायद्याखाली दरमहा १०,००० रुपयांहून अधिक रक्कम मिळत नाही. ही मर्यादा काढण्याचे विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. अधिक रकमेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली न्यायालयात जाता येते. दोन्ही दावे मात्र एकदम करता येत नाहीत. आदेशानंतर पैसे आले नाहीत, तर थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज द्यावा. वॉरंट निघू शकते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल मान्य नसेल, तर ६० दिवसांत अपील करावे.

घर मुलाच्या नावे करण्याविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते. परंतु अट सिद्ध करावी लागते, आणि बहुतेक दानपत्रांत 'प्रेमापोटी' एवढाच शब्द असतो. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी दानपत्र रद्द करून घराचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. त्या आईकडे दानपत्राच्याच दिवशी मुलाने लिहून दिलेले वचनपत्र होते. म्हणून शक्यतो मृत्युपत्र करावे, आणि दानपत्र करायचेच असेल, तर सांभाळ, औषधपाणी व त्याच घरात हयातभर राहण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी त्यातच शब्दांत लिहाव्यात. नोंदणी करून देणारा 'याची गरज नसते' म्हणाला, तरी लिहाव्यात.

निराधारांसाठी

२९ जानेवारी २०२१ रोजी महापालिकेच्या काही कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर शिप्रा गावाजवळ उतरवले. गावकऱ्यांनी चित्रीकरण करून हरकत घेतल्यावर त्यांना परत आणावे लागले, आणि एका उपायुक्तांना निलंबित करण्यात आले. रस्त्यावर एकटा, गोंधळलेला वृद्ध दिसला, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करावा आणि रात्री ११२ वर करावा. जागा, कपड्यांचा रंग आणि माणूस कोणती भाषा बोलतो, एवढे सांगितले की शोध सोपा होतो.

काम अडले तर

प्रथम १८१ या सीएम हेल्पलाइनवर पावतीच्या क्रमांकासह तक्रार नोंदवावी. ती एका पातळीवर सुटली नाही की वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. पुढे तक्रारदाराला फोन येतो आणि समाधान झाले का असे विचारले जाते. पासबुकात रक्कम दिसेपर्यंत 'हो' म्हणू नये, समोरचा कितीही आर्जवाने बोलला तरी. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी, असते. तेथे अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का घ्यावा, आणि म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल, तर सोबत पाणी, औषध आणि बसायला काहीतरी असू द्यावे. अर्जाचे काय झाले ते कळतच नसेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराखाली तीन प्रश्न विचारावेत: अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, किती तारखेपासून आहे, आणि का.

पेन्शन सुरू झाल्यावरही वर्षातून दोनदा पासबुक भरून घ्यावे, कारण नोंद अपुरी ठरली की रक्कम काही न सांगता थांबते. आमच्या आजींचे काम दुसऱ्या अर्जात झाले. समग्र, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी त्या आता 'काले' आहेत. सही मात्र त्या अजूनही ठळक 'ळ' काढूनच करतात, आणि बँकेने त्यावर अद्याप हरकत घेतलेली नाही.